पतंग : उपमान आणि वस्तू

आपल्या काव्यपरंपरेत पतंग क्वचितच पतंग म्हणून येतो. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या मुखांत शिरणाऱ्या योद्ध्यांना ज्योतीकडे झेपावणाऱ्या पतंगांची उपमा आहे; उर्दू गझलेत शमा आणि परवाना ही जोडी प्रेमाची खूण ठरली. दोन्हीकडे जळतो कीटक, अर्थ मात्र माणसाच्या वाट्याला जातो. अमेरिकन चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज (१९३३-२००३) यांचा ‘मॉथलाइट’ (१९६३) हा तीन-चार मिनिटांचा मूक लघुपट या संकेतालाच छेद देतो.

ब्रॅकेज दीर्घकाळ राहिले त्या कोलोरॅडोत उन्हाळ्याच्या आरंभी मैदानांतून रॉकी पर्वतांकडे जाणारे पतंगांचे थवे वाटेवरच्या घरांत शिरतात. माणसे त्याला आक्रमण म्हणतात. दिव्यावरच्या मरणाला आत्माहुती म्हणतात. दोन्ही नावे माणसाचीच. या लघुपटात दोन्हींना थारा नाही. ब्रॅकेज यांनी कॅमेरा वापरलाच नाही. मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या आणि गवताची पाती त्यांनी दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये बसवली. त्या पट्टीवरून काढलेली प्रत आपण पाहतो. पट्टीवर चौकटी नसल्याने एकच पंख अनेक चौकटींत विभागला जातो. शिरा आणि देठ क्षणभर उमटतात व विरतात. या फडफडीला उड्डाण म्हणण्याचा मोह होतो. पण ही गती पंखांची नव्हे, प्रक्षेपकाची आहे.

आर्थिक ओढाताणीत चित्रपट करणारे आपण ज्योतीत जळणाऱ्या पतंगांसारखेच आहोत, असे ब्रॅकेज यांनी या निर्मितीविषयी सांगितले होते. म्हणजे कर्त्याचे स्पष्टीकरण पुन्हा जुन्या उपमानापाशीच येते. त्यामागची व्यथा खरी असली, तरी कृती तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या अलंकारशास्त्रानुसार उपमानाने उपमेय गिळले की अतिशयोक्ती होते. तरी गिळलेले उपमेय सूचित राहतेच. येथे कर्त्याचे निवेदन बाजूला ठेवले, तर ते सूचितही होत नाही. उरतो केवळ पंख.

मृत कीटकांची ही शोभेची आरास नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. परंतु आराशीला स्थैर्य लागते. येथे कोणतेही रूप डोळ्यांत ठरत नाही, सौंदर्य आस्वादण्यापूर्वीच ते निसटते. मर्यादा आहे ती वेगळी : पडद्यावर पंख नव्हे, पंखाची छाया येते. वस्तूपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न शेवटी प्रतिमेतच थांबतो. कवितेचीही अडचण हीच आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने हा लघुपट पाहावा आणि मग आपल्या कवितेतले पतंग पुन्हा वाचावेत. त्यांतील किती कवींनी तो कीटक खरोखर पाहिला होता, हे तपासावे.