ओली माती, ओली बाळंतीण : तेर-तुळजापूरच्या परंपरेतील प्रसूती आणि तान्हेपण

१

मराठी संतवाङ्मयात माता आणि तान्हे मूल यांच्या नात्याइतके राबवले गेलेले रूपक क्वचितच दुसरे असेल. विठ्ठल ही माउली, ज्ञानेश्वर ही माउली, गुरूही माउली. भक्त मात्र सदैव लेकरू. पान्हा, कडेवर घेणे, पदराआड घेणे, बोबडे बोल ही सारी सामग्री मुळात बाळंतघरातून उचललेली आहे. या विपुलतेमुळेच एक साधा प्रश्न झाकला गेला. बाळंतघराची भाषा ज्या परंपरेने इतक्या मुक्तपणे घेतली, तिने प्रत्यक्ष बाळंतिणीला आणि प्रत्यक्ष तान्ह्याला आपल्या संहितेत कोणती जागा दिली?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी धाराशिव जिल्ह्याचा परिसर विशेष उपयुक्त आहे. तेरणाकाठचे तेर हे प्राचीन तगर. येथे लज्जागौरीच्या प्रतिमा सापडल्या आणि याच गावी गोरा कुंभारांची समाधी आहे. त्याच जिल्ह्यातील तुळजापूरच्या क्षेत्रकथेचा आरंभही पदरी लहान मूल असलेल्या एका विधवेपासून होतो. प्रतिमा, संतचरित्र आणि क्षेत्रमाहात्म्य या तीन वेगळ्या स्वरूपांच्या संहितांत अपत्यजन्म आणि अपत्यसंगोपन यांचा प्रश्न केंद्राजवळ येतो आणि तीनही ठिकाणी तो वेगळ्या रीतीने बाजूला सारला जातो. ही बाजूला सारण्याची प्रक्रिया तपासल्याखेरीज 'वात्सल्यभाव' या संज्ञेचा समीक्षेत होणारा सैल वापर थांबणार नाही.

२

लज्जागौरीच्या प्रतिमेची मांडणी परिचित आहे. पाय दुमडून दोहों बाजूंना पसरलेले, गुडघे वर आलेले, पोट भरीव आणि मस्तकाच्या जागी बहुधा कमळ. स्टेला क्रामरिश यांनी १९५६ साली या आसनाचा संबंध ऋग्वेदातील 'उत्तानपद्' या कल्पनेशी आणि अदितीशी जोडला. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात तिला भूदेवीच्या आणि रेणुकेच्या उपासनेच्या विस्तृत पटावर ठेवले. कॅरोल बोलन यांच्या १९९२ च्या अभ्यासात या प्रतिमेच्या रूपविकासाचा मागोवा पूर्णकुंभापर्यंत नेलेला आहे. प्रारंभीच्या रूपात देवीचा देह जवळजवळ घटच असतो, हे त्यांचे निरीक्षण तेरच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे आसन प्रसूतीचे की समागमाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादात एक गोष्ट मात्र सर्वांना मान्य व्हावी अशी आहे. या प्रतिमांत मूल दिसत नाही. जननाचे सामर्थ्य आहे, जन्मलेले कोणी नाही. देह आहे, चेहरा नाही. ज्या देहाला वेणा येतात त्याला वेदना व्यक्त करण्याचे स्थानच शिल्पकाराने कमळाने झाकून टाकले आहे. येथे शिल्पकाराच्या क्रौर्याचा शोध घेण्याचे कारण नाही. सृष्टीच्या सुफलतेचे चिन्ह घडवताना एखाद्या विशिष्ट स्त्रीचा चेहरा अडचणीचा ठरतो, इतकेच येथे स्पष्ट होते.

नागार्जुनकोंड्याच्या अशाच एका प्रतिमेवरील कोरीव लेख या दृष्टीने बोलका आहे. इक्ष्वाकू राजा एहुवल चांतमूल याच्या राणीने ती प्रतिमा करविली. या लेखात राणीला 'अविधवा' आणि 'जीवपुत्रा' अशी दोन विशेषणे लावलेली आहेत. 'पुत्रवती' या शब्दाने भागले असते. परंतु लेखात 'जिचे मूल जिवंत आहे ती' असा शब्द आहे. मूल होणे आणि मूल जगणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे राजवाड्यातील स्त्रीलाही ठाऊक होते. प्रतिमा केवळ पहिल्या घटनेविषयी बोलते. दुसरीची भीती त्या एका विशेषणात शिल्लक राहिली आहे.

३

ही दुसरी घटना, म्हणजे जन्मलेले मूल जगवणे, गोरा कुंभारांच्या कथेचा गाभा आहे. महिपतीच्या 'भक्तविजया'ने (१७६२) तिला रूढ रूप दिले आणि पुढे कीर्तन, नाटक, चित्रपट यांनी ती घरोघर नेली. पत्नी पाण्याला जाताना मुलाकडे लक्ष ठेवण्यास सांगते. गोरोबा नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असतात. मूल रांगत चिखलात येते आणि पायांखाली तुडवले जाते. परतलेली आई आक्रोश करते. समाधी भंगल्याने गोरोबा तिला मारावयास धावतात. ती विठोबाची शपथ घालून स्पर्शास मनाई करते.

या कथेचे पारंपरिक वाचन रूपकात्मक आहे. मूल म्हणजे ममत्व, चिखल म्हणजे प्रपंच, तुडवणे म्हणजे आसक्तीचा लय. हे वाचन चुकीचे नाही. मात्र ते संहितेतील एका महत्त्वाच्या तपशिलाला वळसा घालून जाते. कथेत अपघाताआधी एक विनंती आहे. मुलाकडे बघा, असे आई सांगते. चार घटका तान्ह्याकडे लक्ष देण्याचे काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि तेथेच निसटते. तान्ह्याच्या संगोपनाचे स्वरूप याहून अचूकपणे क्वचितच मांडले गेले असेल. ते कर्तृत्वाने भरलेले काम नाही, ते अखंड अवधानाचे काम आहे. गोरोबांपाशीही अखंड अवधान आहे, मात्र ते विठ्ठलाकडे लागलेले आहे. कथेतील संघर्ष भक्ती आणि प्रपंच यांच्यात असल्याचे मानले जाते; अधिक नेमकेपणाने पाहिले तर तो दोन अवधानांमधील संघर्ष आहे. त्यांपैकी एकाला 'समाधी' हे नाव मिळाले, दुसऱ्याला नावच नाही.

आईची शपथ हाही केवळ कथानक पुढे नेणारा धागा नव्हे. तिच्यापाशी शास्त्र नाही, पंचायत नाही, पुरुषाचे बळ नाही. भक्ताच्याच दैवताचे नाव ती त्याच्याविरुद्ध उभे करते, आणि ज्या भाषेने तिचे मूल नेले त्याच भाषेत तिचा निषेध प्रकट होतो. पुढे मात्र संहिता हा निषेध सौम्य करीत जाते. शपथेमुळे वंश खुंटेल म्हणून तीच आपल्या बहिणीशी पतीचे लग्न लावून देते. दोघींना सारखे वागवण्याच्या वचनामुळे गोरोबा दोघींनाही अंतर देतात. हात तोडण्याचा प्रसंग येतो. शोक करणारी आई आता वंशाची चिंता वाहणारी गृहिणी होते आणि कथेचे सारे लक्ष पुन्हा भक्ताच्या देहाकडे वळते. शेवटी पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात आणि आईने करुणा भाकल्यावर मूलही रांगत येते. मूल परत आणावे लागले, याचा अर्थ केवळ रूपकाने संहितेचेही समाधान झाले नव्हते. ममत्वाचा लय हाच आशय असता तर गतप्राण ममत्व पुन्हा जिवंत करण्याचे प्रयोजन उरले नसते.

४

मराठी परंपरेतील दुसऱ्या एका कथेशी तुलना केली म्हणजे गोरोबांच्या कथेचे वेगळेपण उठून दिसते. श्रीधराच्या 'शिवलीलामृता'तील (१७१८) श्रियाळ-चांगुणेच्या कथेत अतिथीरूप शिवासाठी चिलयाचा बळी दिला जातो आणि त्या बलिदानात माता स्वतः सहभागी आहे. तिने दुःख गिळावे हीच तिची कसोटी. गोरोबांच्या पत्नीची अशी परीक्षा कोणी पाहत नाही. तिची संमती कोणी विचारलेली नाही आणि ती ती देतही नाही. चांगुणा पूज्य ठरली, गोरोबांची पत्नी भांडखोर ठरली. या दोन निवाड्यांमागील मूल्यव्यवस्था एकच आहे.

जनाबाईंच्या नावावरील विख्यात अभंगात लेकरांनी वेढलेल्या विठोबाच्या मांडीवर गोरा कुंभार बसलेले आहेत. ज्या पित्याचे मूल पायाखाली गेले, तोच या चित्रात मांडीवरचे मूल आहे. स्त्रीने रचलेल्या या चित्रात उपरोध आहे असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या की वात्सल्यरूपकाची दिशा कळते. भक्त लेकरू झाला की त्याच्यावरील लेकराची जबाबदारी सुटते.

तुळजापूरच्या माहात्म्यात ही सुटका आईच्या वाट्याला येते, पण वेगळ्या अटीवर. प्रचलित कथेप्रमाणे कर्दम ऋषींच्या निधनानंतर पत्नी अनुभूती सहगमनास सिद्ध होते. लहान मुलामुळे तिला ते करता येत नाही. मूल इतरांच्या स्वाधीन करून ती मंदाकिनीतीरी तप करते. कुकुर दैत्य तिचा तपोभंग करतो आणि तिच्या हाकेसरशी त्वरेने धावून आलेली देवी 'त्वरिता', 'तुरजा', 'तुळजा' होते. मूल हे येथे आईच्या जगण्याचे कारण आहे. कथेने त्याला तेवढ्याच कामासाठी आणले आणि नंतर दृष्टीआड केले. देवी मूल राखण्यासाठी धावत नाही, शील राखण्यासाठी धावते.

एड्रियन रिच यांनी १९७६ साली मातृत्वाचा अनुभव आणि मातृत्वाची संस्था यांत भेद केला. वरील तीनही संहिता संस्थेच्या बाजूने बोलतात. अनुभवाचे काय झाले, हा प्रश्न उरतो.

५

अनुभव ज्या ठिकाणी टिकला त्याला वाङ्मय म्हणावयास अभ्यासक दीर्घकाळ तयार नव्हते. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, पाचवीचे विधी आणि रोजच्या बोलण्यातील शब्द हे ते ठिकाण. त्यांतील एका शब्दप्रयोगाकडे तेरच्या संदर्भात विशेष लक्ष द्यावे लागते, तो म्हणजे 'ओली बाळंतीण'.

ओलेपणा हा कुंभाराच्या व्यवसायातील कळीचा शब्द आहे. ओली माती आकार घेते, ओले मडके पाणी धरत नाही, ते आव्यात भाजावे लागते. गोरोबांच्याच घरी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहण्याचा आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवण्याचा प्रसंग परंपरेने जपला आहे. तेथे कच्चेपणा हा दोष आहे. गुरूच्या आचेने तो घालवावयाचा आहे. बाळंतघराच्या भाषेत तोच ओलेपणा दोष नाही. ओली बाळंतीण म्हणजे जिला वारा लागू द्यावयाचा नाही, जिला जड उचलू द्यावयाचे नाही, जिच्या बाजेखाली शेगडी ठेवावयाची आणि जिला आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा द्यावयाचा ती. येथेही आच आहे. पण ती भाजण्यासाठी नाही, शेकण्यासाठी आहे. एकाच मातीच्या गावात ओलेपणाच्या दोन मीमांसा नांदत होत्या. पहिली ग्रंथात गेली, दुसरी सुईणीच्या आणि आजीच्या तोंडी राहिली.

काळाच्या कल्पनेतही हेच अंतर आहे. माहात्म्यकथा कृतयुगात घडते, संतचरित्र दैवी क्षणांवर उडी घेत जाते. पाळणा मात्र दिवस मोजतो. पहिला दिवस, दुसरा दिवस, पाचवी, सटवाईची रात्र, बारावा दिवस अशी त्याची बांधणी असते. ही पुनरावृत्ती समीक्षकांना सांकेतिक वाटली. वस्तुतः ती बाळंतिणीच्या काळाची अचूक नोंद आहे. मूल आज जगले, एवढेच प्रत्येक कडवे सांगते. सटवाईने कपाळी लिहिण्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याच्या प्रथेत 'जीवपुत्रा' या शब्दातील भीतीच घरगुती रूप घेऊन आली आहे. नाळ आणि वार मातीत पुरण्याच्या चालीत तर माती आणि मूल यांचे नाते चिखल तुडवण्याच्या नेमके उलट आहे. तेथे मातीला जे द्यावयाचे ते देऊन मूल वर राखले जाते.

६

मौखिक परंपरेचे हे मोल सांगताना तिचे उदात्तीकरण होण्याचा धोका आहे. पाळण्यांतील बाळ प्रायः मुलगाच असतो. बाळंतिणीची खोली जितकी उबेची तितकीच सोयराच्या विटाळाची; तिची विश्रांती आणि तिचे अस्पृश्य होणे एकाच दारामागे घडते. निपुत्रिक स्त्रीला त्या दाराबाहेर ठेवले जाते. आणि शेगडी, खीर, लाडू ही सामग्री सर्वांच्या घरी नव्हती. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मधील महारवाड्यातील कोवळ्या मुलींची बाळंतपणे वाचली म्हणजे 'ओली बाळंतीण' या शब्दाला जातीची आणि भुकेची मर्यादा होती हे कळते. ते पुस्तक फलटणच्या बाजूचे आहे; परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न मराठवाड्यातील कोणत्याही ओवीसंग्रहाला लागू पडतो. काळजीची भाषा असणे आणि काळजी मिळणे यांतील अंतर आत्मकथनाने प्रथम उघडपणे लिहिले.

तरीही मूळ मुद्दा बाधित होत नाही. ग्रंथपरंपरेने बाळंतघरातून रूपके घेतली आणि बाळंतीण मागे ठेवली. म्हणून वात्सल्यभावाच्या चर्चेत उपमान आणि उपमेय यांची अदलाबदल करून पाहणे आवश्यक ठरते. भक्त लेकरासारखा आहे, इतके म्हणून समीक्षा थांबली तर ती गोरोबांइतकीच तल्लीन राहील. लेकराकडे कोण पाहत होते, हा प्रश्न विचारला की संहितेतील दुय्यम पात्रे बोलू लागतात आणि कथेच्या अखेरीस मूल परत येण्याचा अर्थही बदलतो. हात परत येणे ही भक्ताची फलश्रुती आहे. मूल परत येणे ही त्या स्त्रीच्या आक्रोशाला संहितेने दिलेली कबुली आहे. महिपतीने ती दिली, हे त्याच्या कवित्वाचे श्रेय होय. पाण्याला जाताना तिने जे सांगितले होते, ते निदान कथेच्या शेवटी ऐकले गेले.