‘डंकर्क’ : एका परिचारिकेने पाहिलेला चित्रपट

लढाईचे चित्रपट मी सहसा पाहत नाही. सारा जन्म वॉर्डात गेला. जखमा बघण्यासाठी पुन्हा तिकीट काढावे असे कधी वाटले नाही. त्यामुळे क्रिस्टोफर नोलन ह्यांचा ‘डंकर्क’ २०१७ साली आला, गाजला, त्याला तीन ऑस्कर मिळाले, तरी मी तो पाहिला नव्हता. तो योग आता आला, आणि तोही जर्मनीत.

माझी मुलगी व जावई म्युनिकजवळ गार्चिंग येथे राहतात. गाव लहान, पण शास्त्रज्ञांचे. १९५७ साली इथे बांधलेल्या अणुभट्टीचा अंड्यासारखा घुमट गावाच्या मानचिन्हावरसुद्धा आहे. जावई तिथल्याच एका संशोधन संस्थेत आहेत. वर्षातून दोन-तीन महिने मी नातवंडांजवळ येऊन राहते. एका पावसाळी रविवारी थोरला नातू म्हणाला, “आजी, आज लढाईचा सिनेमा लावतो. तुला चालेल ना?” शेजारच्या एक वयोवृद्ध जर्मन बाई दर रविवारी केक घेऊन कॉफीला येतात, त्याही बसल्या. असे आम्ही तिघे प्रेक्षक. त्या दिवसापासून हा चित्रपट मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांना प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसून थेट समुद्राला भिडले. ब्रिटिश फौज, आणि तिच्याबरोबर बऱ्याच फ्रेंच व बेल्जियन तुकड्या, किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत कोंडल्या गेल्या. २६ मे ते ४ जून ह्या दहा दिवसांत डंकर्कहून ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे इंग्लंडला नेण्यात आले. त्यांत सुमारे १,४०,००० ब्रिटिशेतर, बहुतेक फ्रेंच होते. कीर्ती झाली ती मच्छीमारांच्या व हौशी लोकांच्या लहान होड्यांची; परंतु दोन तृतीयांशांहून अधिक माणसे बंदराच्या लांबच लांब धक्क्यावरून मोठ्या जहाजांत चढली. फौज वाचली, तोफा, गाड्या व दारूगोळा मात्र मागे टाकावा लागला. चर्चिलसाहेबांनीच पार्लमेंटात बजावले होते की माघारीने लढाया जिंकल्या जात नाहीत.

नोलन ह्यांनी ही हकीकत तीन धाग्यांत विणली आहे. धक्क्यावरच्या सैनिकांचा एक आठवडा, होडीवाल्यांचा एक दिवस आणि विमानांचा एक तास. तिन्ही एकमेकांत असे मिसळतात की पहिला अर्धा तास माझा गोंधळ उडाला. नातवाने दोनदा थांबवून समजावून दिले. संवाद फार थोडे. संगीत मात्र घड्याळाच्या टिकटिकीसारखे सतत कानावर आदळते. ते मला जास्त वाटले. भीती दाखवायला एवढ्या आवाजाची गरज नसते. रात्रपाळी केलेल्या कोणालाही विचारा, खरी भीती फार शांत असते.

पण चित्रपटाचे मोठेपणही भीतीतच आहे. इथे कोणी छाती पुढे काढून भाषण करीत नाही. पोरसवदा सैनिक वाळूवर रांगा लावून उभे आहेत, समोर समुद्र आहे आणि बोट नाही. नुसती वाट पाहणे. हे वाट पाहणे इतक्या खरेपणाने मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे. आणखी एक प्रसंग परिचारिकेच्या मनाला विशेष पटला. डॉसन नावाचे गृहस्थ (मार्क रायलन्स) मुलगा पीटर व त्याचा मित्र जॉर्ज ह्यांना घेऊन आपली होडी हाकारतात. बुडालेल्या जहाजावरून उचललेला एक सैनिक डंकर्कला परत जायच्या नुसत्या कल्पनेने झटापट करतो आणि त्यात जॉर्ज खाली कोसळतो. डोक्याला मार लागतो. मुलगा बोलत असतो, मग त्याला दिसेनासे होते, आणि तो जातो. डोक्याच्या आत रक्तस्राव झालेले रुग्ण असेच जातात, हे आम्ही पाहिलेले आहे. पुढे तोच थरथरणारा सैनिक विचारतो, मुलगा बरा होईल ना? पीटर ‘हो’ म्हणतो. बाप नुसती मान हलवतो. ते खोटे बोलणे योग्य होते की नाही ह्यावर आमच्या ड्यूटीरूममध्ये रात्रभर वाद झाला असता. मी पीटरच्या बाजूने बोलले असते.

आता तक्रारीकडे वळते.

चित्रपटाच्या आरंभी दोन तरुण सैनिक स्ट्रेचरवरचा एक जखमी उचलून इस्पितळ-बोटीकडे धावतात. त्या जखमीवर त्यांची माया नाही. स्ट्रेचर उचलणाऱ्याला बोटीवर शिरता येते, एवढाच हिशेब. हे मी दोष म्हणून सांगत नाही. जिवाच्या आकांताने माणसे असेच वागतात. पुढे धक्क्यावर अधिकाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य येते, त्याचा अर्थ असा की एका स्ट्रेचरला सात उभ्या माणसांची जागा लागते. मी सावरून बसले. म्हटले, आता चित्रपट खऱ्या प्रश्नाला हात घालणार. पण थोड्याच वेळात त्या इस्पितळ-बोटीवर बाँब पडतो, धक्क्याशीच बुडून वाट अडू नये म्हणून तिला लोटून देतात, आणि प्रश्न तिच्याबरोबर पाण्यात जातो. नातवाने विचारले, “आजी, त्या स्ट्रेचरवरच्या माणसाचे काय झाले?” मी म्हटले, पुढे कळेल. शेवटपर्यंत कळले नाही. त्याचा चेहरासुद्धा आपल्याला नीट दाखवलेला नाही.

वास्तविक ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते कोणत्याही पटकथेपेक्षा जबर आहे. डंकर्कलगत रोझेंदाल येथे एका मोठ्या वाड्यात ब्रिटिशांचे जखमी ठेवले होते. जूनच्या पहिल्या तारखेस हुकूम आला की ज्यांना हलवता येत नाही त्यांच्याजवळ दर शंभर जखमींमागे एक डॉक्टर व दहा मदतनीस ह्या प्रमाणात माणसे मागे राहावीत. कोण राहणार? नावांच्या चिठ्ठ्या एका टोपीत टाकून काढल्या. मागे राहणाऱ्यांत मेजर फिलिप न्यूमन नावाच्या शल्यवैद्याची चिठ्ठी निघाली. तो राहिला, जखमींसह जर्मनांचा कैदी झाला, आणि १९४२ मध्ये निसटून इंग्लंडला परतला. एका टोपीतल्या ह्या चिठ्ठ्या नोलन ह्यांनी दाखवल्या असत्या, तर त्यांना विमानांची एवढी घिरटी लागली नसती.

हे मला इतके का लागले, तेही सांगते. २००६ च्या उन्हाळ्यात उत्तर इस्राएलवर रॉकेटे पडत होती. मी होते त्या रुग्णालयात वरच्या मजल्यावरचे रुग्ण तळघरात हलवायचे ठरले. चालणारे प्रथम, मग खुर्चीवरचे, मग खाटेवरचे. दोन रुग्ण श्वासयंत्रावर होते, त्यांना त्या घाईत हलवणे शक्य नव्हते. एकीने त्यांच्यापाशी थांबणे भाग होते. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. आम्ही पाचजणी एकमेकींकडे पाहत होतो. त्यांतली एक, माझ्याहून लहान, दोन लेकरांची आई, म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे.” आणि आम्ही झालो. मीसुद्धा. सुदैवाने काही झाले नाही. रुग्णही वाचले, तीही. पण तळघरात उतरताना मला जी सुटका वाटली ती मी विसरलेले नाही, आणि तिच्याशी त्याबद्दल मी कधी बोलले नाही. वाचलेल्या माणसाच्या मनात काय असते हे हा चित्रपट थोडेफार दाखवतो. परतलेल्या सैनिकाला वाटते की लोक आपल्याकडे बघणार नाहीत. मात्र ज्यांना मागे ठेवून तो परतला त्यांचे नावही तो घेत नाही.

दुसरी तक्रार आपल्या देशाची. डंकर्कला हिंदी सैनिक होते हे माझ्या अलिबागच्या शाळेत आम्हांला कोणी शिकवले नाही, आणि हा चित्रपट पाहून माझ्या नातवालाही कळले नसते. ब्रिटिश सैन्याने मोटारींच्या भरवशावर जनावरे मोडीत काढली होती. फ्रान्सच्या चिखलात व बर्फात ती उणीव भासली, तेव्हा हिंदुस्थानातून खेचरांच्या चार कंपन्या मागवल्या. मुंबईहून बोटीने निघून त्या डिसेंबर १९३९ मध्ये मार्सेयला उतरल्या. बहुतेक जवान पंजाबी मुसलमान होते. त्यांतले काही शे डंकर्कहून सुटले, एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडून वर्षानुवर्षे छावण्यांत राहिली. खेचरे मागेच राहिली. जमादार मौला दाद खान ह्यांना त्या कामगिरीबद्दल शौर्यपदकही मिळाले. घी बोमन ह्या इंग्रज लेखकाने २०२० साली ह्या तुकड्यांवर आख्खे पुस्तक लिहिले आहे.

कोणी म्हणेल, तीन लाखांत तीनशे माणसे ती काय! दिग्दर्शकाने एका पोराची गोष्ट सांगायची की शिरगणती करायची? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. फ्रेंचांची दखल तर चित्रपटाने घेतलीच आहे. एक फ्रेंच पोरगा इंग्रजाच्या कपड्यांत मुका होऊन वावरतो आणि शेवटी बुडतो, तो प्रसंग चटका लावतो. आणि नौदलाचा अधिकारी (केनेथ ब्रॅना) फ्रेंचांसाठी धक्क्यावर थांबतो. पण मुंबईच्या लष्करात आपल्या बेने इस्राएल लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. सुभेदारांचे बिल्ले आणि पिवळे पडलेले फोटो आपल्यापैकी कितीतरी घरांत आहेत. परक्याच्या लढाईत गेलेला माणूस परक्याच्या गोष्टीतून कसा गळतो हे आपल्याला निराळे सांगावे लागत नाही. गर्दीच्या एखाद्या दृश्यात खेचराचा लगाम धरलेला एक जवान उभा असता, तर गोष्टीचे काही बिघडले नसते.

चित्रपट संपल्यावर शेजारीणबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यात जर्मनांचे नाव येत नाही, नुसता ‘शत्रू’ म्हणतात, आणि चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. मला वाटले, त्यांना ते लागले असेल. पण त्यांच्या मनात दुसरेच होते. १९४५ च्या हिवाळ्यात, पाच वर्षांच्या असताना, पूर्व प्रशियातल्या पिलाउ बंदरातून आईच्या हाताला धरून त्या बोटीत चढल्या होत्या. तेव्हा रशियन फौजांपुढून जर्मनीने लाखो नागरिक व सैनिक बाल्टिक समुद्रातून हलवले. ३० जानेवारीस ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ हे जहाज पाणतीराने बुडाले आणि हजारो माणसे, त्यांत पुष्कळ मुले, गारठून मेली. बाई म्हणाल्या, “आमची बोट पोहोचली. आई मरेपर्यंत तेवढेच सांगत असे, आमची बोट पोहोचली.”

मी त्यांचा हात हातात घेतला. पण मला दुसऱ्या दिवसाची तारीख आठवत होती. ३१ जानेवारी १९४५ च्या रात्री, पिलाउपासून जवळच, पामनिकनच्या किनाऱ्यावर सुमारे तीन हजार यहुदी कैद्यांना, त्यांत बहुतेक स्त्रिया, बर्फातून समुद्राकडे हाकून गोळ्या घातल्या. त्यांच्यासाठी बोट नव्हती. हे मी बाईंना सांगितले नाही. पाच वर्षांच्या पोरीकडे त्याचा जाब मागायचा नसतो. परंतु त्या संध्याकाळी मला नोलन ह्यांच्या चित्रपटातले उणे नीट कळले. तो खोटे सांगत नाही. तोही बाईंच्या आईसारखे एवढेच सांगतो, की आमची बोट पोहोचली.

आपल्याकडेही बोटीचीच कथा आहे. नवगावजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तरल्या, आणि त्यांच्यापासून आपण, ही कथा आपण सर्वांनी घरी ऐकली आहे. पण तिचा दुसरा भाग आपल्या वडीलधाऱ्यांनी कधी गाळला नाही. तरलेल्यांनी प्रथम बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरले. ती जागा नवगावला आजही दाखवतात. लहानपणी अलिबागहून वडिलांबरोबर मी तिथे गेले होते. आधी तिकडे उभे राहायचे, मग डबा उघडायचा, असा त्यांचा दंडक होता.

असो. ‘डंकर्क’ अवश्य पाहावा. एवढ्या मोठ्या माघारीवर इतका प्रामाणिक आणि इतका कमी बढाईखोर चित्रपट मी तरी पाहिलेला नाही. वयस्कर वाचकांनी आवाज बेताचा ठेवावा, आणि शेजारी एखादे नातवंड बसवावे. ते स्ट्रेचरवरच्या माणसाबद्दल विचारील. तेव्हा चित्रपट थांबवून त्याला रोझेंदालच्या टोपीतल्या चिठ्ठ्या, आणि मुंबईहून गेलेली खेचरे, हे सांगावे. मी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग आजी, चिठ्ठीत तुझे नाव निघाले असते तर?” मी अजून उत्तर दिलेले नाही.