उगमाचा मोह आणि खेळाचा नियम : टॅरो, गंजिफा आणि प्राचीनतेचा प्रश्न

एखाद्या सांस्कृतिक वस्तूचा अर्थ तिच्या उगमात दडलेला असतो, आणि उगम जितका प्राचीन तितका अर्थ सखोल, हे गृहीतक साहित्यविचारात वरवर पाहता मागे पडलेले आहे. प्रत्यक्षात ते अन्य मार्गांनी परत येते. पत्त्यांच्या इतिहासाइतके त्याचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. युरोपातील टॅरो आणि सावंतवाडीची दशावतारी गंजिफा यांच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात एकाच प्रकारची चूक दोन वेगळ्या भूमींवर घडलेली दिसते.

टॅरोची हकिगत आता बरीचशी निर्विवाद झालेली आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, 1440च्या सुमारास, उत्तर इटलीतील दरबारी वर्तुळात नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना चित्रमय हुकमांची जोड देण्यात आली. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेले संच आजही उपलब्ध आहेत. 22 चित्रे आणि 56 साधी पाने मिळून 78 पानांचा हा संच खेळासाठीच होता, आणि तीन शतकांहून अधिक काळ तो मुख्यतः खेळलाच गेला. कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने पॅरिसमध्ये हा खेळ चाललेला पाहिला आणि पाव तासात त्याचे रहस्य उलगडल्याचे 1781 मध्ये जाहीर केले : हा इजिप्तच्या पुरोहितांचा, जळून गेलेल्या ग्रंथालयांतून वाचलेला एकमेव ग्रंथ होय. त्या वेळी इजिप्शियन चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंने ती उलगडली 1822 मध्ये. अज्ञात लिपीच्या आधारावर उभारलेला हा सिद्धान्त लिपी वाचता आल्यावर कोसळायला हवा होता. पण तोवर भविष्यकथनाचा व्यवसाय त्यावर उभा राहिला होता. मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने 1980 साली टॅरोचा खेळ म्हणून सविस्तर इतिहास लिहिला, तेव्हा गूढवाद्यांनी दोन शतके दुर्लक्षिलेली गोष्ट त्याने पुन्हा केंद्रस्थानी आणली. ती म्हणजे खेळाचे नियम.

साहित्याच्या अभ्यासकांनाही हे प्रकरण परके नाही. जेसी वेस्टन यांनी 1920 मध्ये टॅरोच्या चार चिन्हांचा संबंध ग्रेलकथेतील पवित्र वस्तूंशी जोडला, आणि 'द वेस्ट लँड'मधील मादाम सोसोस्ट्रिसचे पत्ते वाचताना हा संबंध सिद्ध असल्यासारखा धरला जातो. टॅरोच्या संचाची नेमकी रचना आपणास ठाऊक नाही, अशी कबुली एलियटने स्वतःच्या टिपेत दिलेली आहे. कवीने घेतलेली ही मोकळीक टीकाकार मात्र विसरतात.

आता गंजिफेकडे वळू. भारतातील तिचा पहिला निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात, 1527 सालच्या नोंदीत येतो : सिंधमधील शाह हसनला गंजिफेची आवड असल्याने बाबराने त्याच्याकडे पाने पाठवली. शतकाच्या अखेरीस अबुल फजल 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या, 144 पानांच्या खेळाचे वर्णन करतो, आणि त्याचे श्रेय प्राचीन ऋषींना देतो. प्राचीनतेचा दावा असा खेळाच्या पहिल्या तपशीलवार वर्णनातच हजर आहे. 1895 मध्ये हरप्रसाद शास्त्रींनी बंगालमधील विष्णुपूरच्या गोल पत्त्यांवर टिपण लिहिले. त्या संचात बुद्धाचे स्थान नववे नसून पाचवे आहे आणि त्याचे चिन्ह कमळ आहे. यावरून हा खेळ अकरा-बाराशे वर्षांपूर्वीचा असावा, असे अनुमान त्यांनी काढले. शास्त्रींची विद्वत्ता जेबलँच्या तुलनेत फार मोठी आहे, यात शंका नाही. तरीही पद्धत तीच : चित्राचा अर्थ लावायचा आणि त्या अर्थालाच काळाचा पुरावा मानायचे. पाचवे स्थान हे दैवतशास्त्रातील कालक्रमाचे नसून खेळातील गटवारीचे असू शकते, ही शक्यता त्यात विचारात घेतली गेलेली नाही. 'क्रीडापत्र' या संस्कृत शब्दावर भिस्त ठेवणारे आजचे लेखन तर एवढेही कष्ट घेत नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' बुद्धिबळ, फासे, कवड्या यांच्या खेळांचे बारकाईने वर्णन करतो. पत्त्यांना त्यात जागा नाही.

गटवारीचा मुद्दा थोडा उलगडून पाहायला हवा, कारण सर्वांत विश्वासार्ह साक्ष तेथेच आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि 120 पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. परंतु पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत खाली, तर उरलेल्या पाचांत हा क्रम उलटा : एक्का वर, दश्शी तळाला. या उलटापालटीला अवतारकथेत कोणताही आधार नाही. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि कुमाश या आठ रंगांच्या मोगल गंजिफेत मात्र तोच नियम चार-चार रंगांना लागू होतो. आणि इटालियन टॅरोतही तलवारी व दंड या रंगांत दश्शी वरचढ, तर पेले व नाणी या रंगांत एक्का वरचढ असा भेद आहे. असा विचित्र नियम दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचला असेल, हे मानणे कठीण आहे. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात 1931 मध्ये एल. ए. मायर यांना सापडलेल्या मामलुक पत्त्यांत पेला, नाणे, तलवार आणि पोलोची काठी हे चार रंग आहेत. त्यांत राजाखालोखाल 'नायब' येतो. स्पॅनिश भाषेतील पत्त्यांचे नाव 'नाइपेस' या नायबावरूनच आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मराठी वाचकाला तो नायब तहसीलदारामुळे परिचित आहे. टॅरोचे साधे रंग आणि गंजिफा ही पश्चिम आशियातील एकाच खेळकुळाच्या दोन दिशांना गेलेल्या शाखा असाव्यात, असे यावरून दिसते. युरोपात पत्त्यांचे उल्लेख 1370च्या दशकापासून मिळतात; तेव्हा टॅरोला भारतीय गंजिफेची संतती ठरवणाऱ्यांनाही हा कालक्रम अडचणीचाच आहे.

मग दशावतारी गंजिफा ही केवळ उसनवारी ठरते काय? हा निष्कर्षही तितकाच उतावीळ होईल. मोगल गंजिफेत दिवसा डावाची सुरुवात सुर्ख, म्हणजे सुवर्णनाण्याच्या, रंगाने होते आणि रात्री सफेद, म्हणजे रौप्यनाण्याच्या, रंगाने. सुर्खाचे चिन्ह सूर्याचे, सफेदाचे चंद्राचे. दशावतारी खेळात दिवसा रामाच्या रंगाने आरंभ होतो, रात्री कृष्णाच्या. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. ज्या कोणा अनामिकाने हे रूपांतर केले, त्याने चित्रे बदलून वर देवांची नावे चिकटवली नाहीत. नियमातील आशय ओळखला आणि आपल्या पुराणव्यवस्थेत त्याची नेमकी जागा शोधली. मराठी समीक्षेत नेमाड्यांच्या देशीवादामुळे रूढ झालेली 'देशीकरण' ही संज्ञा बहुधा भाषा आणि वाङ्मयप्रकारांसंबंधी वापरली जाते. तिची इतकी शुद्ध उदाहरणे वाङ्मयातही थोडीच आढळतील. प्राचीनतेचा दावा करणारे लेखक या कर्तृत्वालाच नाकारतात, कारण खेळ मुळातच आपला होता असे म्हटले की तो आपला करण्याचे श्रम अदृश्य होतात.

हे श्रम सावंतवाडीत अगदी भौतिक अर्थाने पाहायला मिळतात. कापडाचे थर, चिंचोक्याची खळ, खडू, लाखेचा लेप, घोटाई, आणि मग गोल पानावर हाताने केलेले रंगकाम ही चितारी कारागिरांची विद्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जवळजवळ लोपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती पुन्हा शिकवून घेतली आणि राजवाड्यात कार्यशाळा उभी राहिली. मुंबईत कलासमीक्षक म्हणून वावरलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरच्या गंजिफांचा संग्रह आणि अभ्यास केला, त्यालाही श्रेय द्यायला हवे. मात्र या पुनरुज्जीवनाची एक बाजू अजून अपुरी आहे. चित्रकला वाचली, खेळ वाचला असे म्हणता येत नाही. संच आज बहुतांशी भेटवस्तू किंवा शोभेची वस्तू म्हणून विकत घेतले जातात, आणि प्राचीनतेची जाहिरात त्या खरेदीला उपकारक ठरते. तिघे खेळाडू जमून पाने वाटली, कोणत्या पाच रंगांत दश्शी तळाला जाते हे ज्याला सांगावे लागत नाही असा एक जण त्यांत असला, तरच ही उलटापालट प्रत्यक्षात येते. भिंतीवर चौकटीत बसवलेल्या मत्स्य-कूर्मांच्या पानांवरून ती ओळखण्याचा मार्ग नाही.