‘नानकिंग कार्गो’ : एका नावाची चिकित्सा

वस्तूला दिलेले नाव पुष्कळदा वस्तूपेक्षा नाव देणाऱ्याविषयीच अधिक सांगते. मायकेल हॅचर यांनी १९८५ मध्ये दक्षिण चिनी समुद्रातून वर काढलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांना ‘नानकिंग कार्गो’ हे जे नाव मिळाले, ते याचे बोलके उदाहरण होय.

ही भांडी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘गेल्डरमाल्सेन’ जहाजावरील. कँटनहून निघालेले हे जहाज ३ जानेवारी १७५२ रोजी खडकावर आदळून बुडाले; ११२ जणांपैकी अवघे ३२ वाचले. भांडी घडली जिंगदेजेन येथे व जहाजावर चढली कँटनला. नानकिंगशी त्यांचा संबंध युरोपीय व्यापाऱ्यांच्या परिभाषेपुरताच. शिवाय जहाजावरील मुख्य माल होता चहा. भांड्यांच्या पेट्या त्याच्या तळाशी रचल्या होत्या. तेव्हा ‘नानकिंग’ आणि ‘कार्गो’ ही दोन्ही पदे येथे फसवी ठरतात.

यावर असा आक्षेप संभवतो की, आपला ‘चिनी माती’ हा शब्दही आता देशी भांड्यांना लागतोच. परंतु तेथे रूढीने अर्थविस्तार झाला. येथे मात्र १९८६ च्या ॲम्स्टरडॅम येथील लिलावासाठी नाव योजले गेले. त्यात जहाज लोपले आणि बुडालेली माणसेही लोपली.

क्रिस्टिआन यॉर्ग यांच्या १९८६ मधील ग्रंथाचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर कळते. कंपनीच्या दप्तरातील मालयादी त्यांनी प्रत्यक्ष भांड्यांशी ताडून पाहिली. त्या यादीत २९९ पीकदाण्या आणि ६०६ ‘वांतिपात्रे’ यांची नोंद वेगवेगळी आहे. हा भेद केवळ शब्दांवरून उलगडत नाही, केवळ भांडी पाहूनही सुचत नाही. शब्द आणि वस्तू यांनी एकमेकांचा अर्थ लावावा लागतो. ग्रंथाचे खरे यश ह्या पद्धतीत आहे.

तथापि ह्या यशालाही मर्यादा आहे. उत्खननशास्त्राला अपेक्षित अशी स्थाननोंद न ठेवताच माल उपसला गेला. कोणती पेटी कोठे होती, कोणत्या भांड्याशेजारी काय होते, हा अन्वय कायमचा नष्ट झाला. वाक्य मोडून शब्द तेवढे वेचावेत, तशी ही अवस्था आहे. शब्दकोश त्यातून सिद्ध होईल. व्याकरण होणार नाही. निदान अभ्यासकांनी तरी ह्या संग्रहाचा निर्देश ‘गेल्डरमाल्सेन’ ह्याच नावाने करावा.