‘नेस्टोरियन’ हे नाव कोणी ठेवले?

कुवेत शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर समुद्रात फैलका नावाचे बेट आहे. १९८० नंतरच्या काळात आम्ही कुवेतमध्ये नर्सची नोकरी करीत होतो. तेव्हा शुक्रवारच्या सुट्टीला बोटीने तेथे जात असू. शिकंदरानंतरच्या ग्रीकांचा किल्ला व देऊळ पाहावे, बरोबर नेलेला डबा खावा व संध्याकाळी परतावे, एवढाच कार्यक्रम. बेटाच्या मधल्या भागाला अल्-कुसूर म्हणतात. तेथे मातीखाली एक चर्च गाडलेले आहे, याची आम्हांला काहीच कल्पना नव्हती. १९८९ च्या सुमारास फ्रेंच संशोधकांनी ते उकरून काढले. प्लास्टरमध्ये घडविलेले नक्षीदार क्रूस मिळाले, आसपास विखुरलेली घरे होतीच. पुढच्याच वर्षी इराकने स्वारी केली, बेटावरील लोकांना घरे सोडावी लागली आणि खोदकाम कित्येक वर्षे बंद पडले.

या चर्चविषयी नंतर आम्ही जे जे वाचले, त्यात बहुधा ‘नेस्टोरियन चर्च’ हा शब्द भेटला; आणि कंसात किंवा पुढच्या ओळीत ‘पाखंडी ठरलेला पंथ’ हेही. या एका शब्दाबद्दल प्रो. सेबॅस्टियन ब्रॉक यांनी १९९६ साली मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाच्या पत्रिकेत एक निबंध लिहिला. त्याच्या मथळ्यातच हे नाव ‘शोचनीय’ रीतीने चुकीचे असल्याचे ते म्हणतात. निबंध आम्हांला अलीकडेच वाचावयास मिळाला. ख्रिस्ती लोकांच्या आपसांतल्या भांडणाशी बेने इस्राएल वाचकाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याकडे शेवटी येऊ.

हकीकत थोडक्यात अशी. नेस्टोरियस हा ४२८ साली कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू झाला. येशूच्या आईला ‘देवमाता’ म्हणू नये, ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे, असे त्याचे म्हणणे. अलेक्झांड्रियाचा सिरिल त्याच्या विरुद्ध उभा राहिला. ४३१ साली इफिसस येथे परिषद भरली. नेस्टोरियसची बाजू घेणारे अंत्युखियाकडील बिशप येऊन पोचण्याच्या आधीच सिरिलने कामकाज सुरू करून त्याला दोषी ठरविले. असला न्याय आमच्या गावच्या पंचांनीसुद्धा केला नसता. नेस्टोरियस हद्दपार होऊन इजिप्तमध्ये मेला.

आता फैलकाच्या चर्चचा यात संबंध कोठे येतो? हे लोक रोमन राज्यातले नव्हतेच. ते इराणच्या बादशहाच्या मुलखातले. बगदादजवळच्या सेल्युसिया-टेसिफोन येथे ४१० साली, म्हणजे इफिससच्या एकवीस वर्षे अगोदर, त्यांनी आपली व्यवस्था लावून घेतली होती. इफिससला ते हजर नव्हते. त्यांची भाषा सिरियाक, म्हणजे आपल्या कद्दिशच्या अरामी भाषेची बहीणच म्हणा ना. ग्रीक वादातले शब्द त्या भाषेत आले ते वेगळाच अर्थ घेऊन, आणि तिकडच्यांनी त्यांना आपला अर्थ लावून दोष काढला. या शब्दांचा उलगडा हा ब्रॉक यांच्या निबंधाचा गाभा आहे आणि तो भाग सोपा नाही. आम्हांला तीनदा वाचावा लागला. पण वाचल्यावर शंका राहत नाही. या पंथाचा खरा गुरू म्हणावा तर मोप्सुएस्तियाचा थिओडोर, नेस्टोरियस नव्हे. पंथातलाच निसिबिसचा अब्दिशो हा विद्वान तेराव्या शतकाअखेरीस लिहून गेला की नेस्टोरियस आमचा पेट्रिआर्क नव्हता व त्याची भाषाही आम्हांला येत नव्हती.

आमचा जन्म वॉर्डात गेला. केसपेपरवर रात्रपाळीच्या कोणी एक चुकीचा शब्द लिहिला की सकाळपाळी तोच उतरवून घेते, दुपारपाळीही तेच करते, आणि आठ दिवसांनी रोग्यालाच वाटू लागते की आपल्याला तोच आजार आहे. ‘नेस्टोरियन’ हा शब्द असाच पंधराशे वर्षे उतरवला गेला.

तरी ब्रॉक यांच्याशी आमचा एका बाबतीत मतभेद आहे. याच चर्चच्या उपासनेत एक विधी नेस्टोरियसच्या नावाने आहे आणि वर्षातून एक दिवस त्याचे स्मरणही करतात. म्हणजे नाव बाहेरून चिकटविलेले खरे, पण तो माणूस त्यांनी घरातून हाकलून दिला नाही. अन्याय झालेला म्हणून त्याला मान दिला. निबंधाचा सगळा जोर नाव पुसण्यावर आहे. शिवी म्हणून आलेले नाव लोक पुढे कसे वागवतात, ही त्याहून मोठी गोष्ट होती, तिच्यावर थांबायला हवे होते.

फैलकाच्या बाबतीत तर दुसरीही एक चूक उतरवून घेतली गेली. चर्च प्रथम पाचव्या-सहाव्या शतकातले समजले गेले. पुढे खापरांचा अभ्यास झाला, २०११ पासून कुवेती व फ्रेंच मंडळींनी पुन्हा खोदले, तेव्हा वस्ती सातव्या ते नवव्या शतकातली, म्हणजे इस्लामच्या उदयानंतरची दिसू लागली. ६७६ साली याच आखातात, तारूत बेटावरील दारीन येथे, या चर्चची परिषद भरली होती, हे तर पूर्वीपासून ठाऊक होते. मुसलमानी अमलात हे लोक प्रार्थना करीत, घरे बांधीत राहात होते. ‘पाखंडी होते, मग संपले’ एवढ्यावर त्यांची वासलात लावता येत नाही.

त्यांचे धागे आपल्या कोकणापर्यंत येतात. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की कल्लियाना येथे इराणहून दीक्षा घेऊन आलेला बिशप आहे. कल्लियाना म्हणजे बहुतेकांच्या मते आपले कल्याण. नवगावच्या आपल्या पूर्वजांची तेलाची घाणी ज्या किनाऱ्यावर फिरली, त्याच किनाऱ्यावर. मलबारातही हेच लोक. १५९९ साली गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने कोचीनजवळ उदयंपेरूर येथे सभा भरवून तेथल्या ख्रिस्ती लोकांकडून नेस्टोरियसचा धिक्कार वदवून घेतला व सिरियाक पुस्तके जाळावयास लावली. गोव्याचे इन्क्विझिशन यहुद्यांच्या वाट्याला कसे आले, ते वाचकांस सांगावयास नको.

आमच्या बरोबर कुवेतच्या वॉर्डात त्रिचूरकडची एक सिस्टर होती. इतर मल्याळी मुली शुक्रवारी आपापल्या चर्चच्या मंडळींत जात, ही मात्र खोलीतच प्रार्थना करी. तुम्ही कोण, असे एकदा विचारले. ती म्हणाली, “आम्ही कल्दाय सुरियानी. पण लोक नेस्टोरियन म्हणतात, आणि मग आणखी काही विचारीत नाहीत.”

ते वाक्य आम्हांला का लागले, हे या मासिकाच्या वाचकांना समजेल. आपल्यालाही ‘शनवार तेली’ हे नाव गावाने दिले. शब्बाथ पाळणारे एवढे त्यात खरे, बाकी आपण कोण याची चौकशी नाही. पुढे १९६२ साली इस्राएलमध्ये आपल्या लग्नांबाबत पूर्वजांची तपासणी करण्याचे फर्मान रब्बींनी काढले, आणि आपल्या माणसांना येरुशलेममध्ये धरणे धरावे लागले, तेव्हा १९६४ मध्ये ते मागे घेतले गेले. त्या चर्चची पाळी ११ नोव्हेंबर १९९४ रोजी आली. त्या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे व मार दिन्खा चौथे यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. येशूच्या आईला दोन्ही नावांनी हाक मारणे योग्य आहे, श्रद्धा एकच, असे त्यात आहे. इफिससपासून १५६३ वर्षे झाली होती.

ब्रॉक यांचा निबंध इंग्रजीत आहे व फार लांबलचक नाही. ज्यांना शब्दांची चर्चा जड वाटेल त्यांनी मधली पाने सोडून इतिहासाची तेवढी वाचावीत. त्रिचूरच्या सिस्टरला आम्ही त्याची एक प्रत पाठविली आहे.