पित्सिकातो पोल्का
व्हिएन्नाचे संगीतकार योहान श्ट्राउस, धाकटा (१८२५–९९) व त्याचा भाऊ योझेफ (१८२७–७०) यांनी मिळून रचलेली वाद्यवृंदरचना. ती १८६९ च्या उन्हाळ्यात रशियातील पाव्हलोव्हस्क येथे प्रथम सादर झाली. पाव्हलोव्हस्क हे सेंट पीटर्झबर्गजवळचे रेल्वेस्थानक. प्रवासी यावेत म्हणून रेल्वे कंपनी तेथील संगीतगृहात उन्हाळी कार्यक्रम करवी आणि १८५६ पासून योहान अनेक वर्षे त्यांचा संचालक होता. तेथील श्रोते नाचण्यासाठी नव्हे, तर फिरण्यासाठी व संगीत ऐकण्यासाठी जमत. या रचनेचे स्वरूप त्यावरून उलगडते.

पोल्का हे बोहीमियात उगम पावलेले, २/४ तालातील चपळ नृत्य. नृत्यगृहात त्याला तालवाद्यांचा व पितळी सुषिरवाद्यांचा ठसठशीत आधार असे. श्ट्राउस बंधूंनी येथे तो काढून घेतला. व्हायोलिनपासून डबल-बेसपर्यंत सर्व तंतुवाद्ये गज बाजूला ठेवून केवळ बोटांनी छेडली जातात. (‘पित्सिकातो’ ही या वादनपद्धतीची इटालियन संज्ञा होय.) फक्त मधल्या भागात ग्लॉकेनश्पील या धातुपट्ट्यांच्या वाद्याचा किणकिणाट मिसळतो.

छेडलेला स्वर लगेच विरतो. गजाने वाजविलेल्या स्वराप्रमाणे तो लांबविता येत नाही. ही उणीवच रचनेचे बळ ठरली आहे. स्वरांमधील मोकळ्या जागा ऐकू येऊ लागतात. चाल दबकत पुढे येते, क्षणभर थबकते आणि अनपेक्षितपणे जोरकस होते. विनोद आहे तो या थबकण्यात. म्हणूनच वरवर क्षुल्लक वाटणारी ही रचना वादकांची कसोटी पाहते: गजाच्या सलग नादात झाकला जाणारा किंचितसा पुढे-मागेपणा येथे तत्काळ उघडा पडतो. टाळ्यांच्या मोहाने विराम वाजवीपेक्षा ताणणारे संचालक मात्र हा विनोद स्वतःच समजावून सांगू लागतात व तो नासवितात.

रचनेत कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. अशी पोल्का लिहावी ही सूचना आपली होती व योझेफ तयार होईना म्हणून ती दोघांनी मिळून केली, असे योहानने पुढे १८९२ मध्ये एका पत्रात लिहिले. परंतु तोवर योझेफला जाऊन बावीस वर्षे झाली होती. त्याची बाजू या हकीकतीत येत नाही. वॉर्सा येथे संचालन करीत असता तो कोसळला आणि २२ जुलै १८७० रोजी व्हिएन्नात मरण पावला. १८९२ मध्येच योहानने एकट्याने ‘नवी पित्सिकातो पोल्का’ रचली. ती सफाईदार आहे; पण जुन्या रचनेतील संकोचयुक्त खोडकरपणा तिच्यात नाही. यावरून योझेफच्या वाट्याविषयी ठाम अनुमान करता येणार नाही, तरी ‘श्ट्राउसची पोल्का’ असे एकवचनी म्हणण्याची सवय मात्र अन्यायकारक वाटते.

हीच पद्धती पुढे दलीबच्या ‘सिल्व्हिया’ (१८७६) या बॅलेतील एका नृत्यात आणि चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीच्या (१८७८) तिसऱ्या भागात आढळते. चायकॉव्हस्कीने मात्र छेडलेल्या तंतूंसमोर सुषिरवाद्यांचे स्वतंत्र गट उभे केले आहेत.