टर्मिनलची घरे आणि देवनागरी अक्षर

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या संपादकाची स्वतंत्र खिडकीतील चित्ररूप आवृत्ती ही नवशिक्यांची सोय होय, असे मत जाणत्यांच्या वर्तुळात रूढ आहे. मेनू, माऊस, रंगसंगती एवढ्याच बाबी लक्षात घेतल्या, तर ते खोडून काढण्याचे कारण नाही. परंतु संपादनाचा विषय मराठी संहिता असेल, तर प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

टर्मिनल हे मूलतः सारख्या रुंदीच्या घरांचे कोष्टक आहे. १९७८ सालच्या व्हीटी-१०० च्या पडद्यावर ८० स्तंभ व २४ ओळी मावत. यंत्र गेले, घरांची कल्पना मात्र टिकून आहे. रोमन लिपीला ती मानवते. देवनागरीचे तसे नाही. ‘क्षितिज’ या शब्दातील ‘क्षि’ हे अक्षर युनिकोडमध्ये क, हलन्तचिन्ह, ष व ऱ्हस्व इकार अशा चार संकेतांनी साठविले जाते, यूटीएफ-८ मध्ये त्याचे १२ बाइट होतात, आणि साठवणीत शेवटी असलेला इकार डोळ्यांना मात्र प्रथम दिसतो. हे किती घरांत मांडावयाचे, याचा हिशेब संपादक वेगळा करतो व टर्मिनल वेगळा. दोहोंत तफावत पडली की कर्सर एका वर्णावर दिसतो आणि खोडला जातो दुसराच. बोलींचे नमुने नोंदविणाऱ्याच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय नव्हे; त्यामुळे पुरावाच बिघडतो.

अर्थात खिडकी मिळाली म्हणजे दोष गेला, असे नाही. ब्राम मूलेनार यांच्या व्हिमचे (१९९१) चित्ररूप जीव्हिम. तेही अक्षरे घरांतच मांडते. बिऱ्हाड बदलले, सवय नाही! ईमॅक्सची गोष्ट निराळी. २०२० मधील २७.१ या आवृत्तीपासून त्याच्या चित्ररूपात अक्षरजुळणीसाठी हार्फबझचा उपयोग करता येतो व जोडाक्षर अखंड उमटते. शिवाय कर्सरच्या मागचे खोडताना एकच संकेत जातो, पुढचे खोडताना अख्खे अक्षर. वर्ण आणि अक्षर यांतील भेद येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरला आहे.

दूरच्या संगणकावर काम करताना टर्मिनलच सोयीचे ठरते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यासाठी दोहोंपैकी एकाचाच स्वीकार करावयास हवा असे नाही. चालू असलेल्या एकाच ईमॅक्सची एक चौकट खिडकीत व दुसरी टर्मिनलमध्ये, एकाच संहितेवर, एकाच वेळी उघडता येते.